बांधकाम प्रकल्पांवरील कंत्राटी कामगारांची सुरक्षा : कायदा, जबाबदारी आणि व्यवस्थापन

दक्षिण दिल्लीतील जमरुदपूर येथे १२ जुलै २००९ च्या पहाटे दिल्ली मेट्रोच्या उन्नत मार्गाचा निर्माणाधीन भाग कोसळून ६ जणांचा मृत्यू झाला. प्रत्यक्ष बांधकाम कंत्राटदार कंपनीकडे होते. तरीही दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा सादर केला. तो स्वीकारला गेला नाही. दुसऱ्या दिवशी ढिगारा उचलण्याचे काम सुरू असताना त्याच ठिकाणी क्रेन कोसळून आणखी काही जण जखमी झाले.

बांधकामाच्या जागी अपघात झाला की ‘काम कंत्राटदाराचे होते’ हे उत्तर सर्वप्रथम पुढे येते. जमरुदपूरच्या घटनेत प्रकल्पाच्या प्रमुखाने हे उत्तर दिले नाही, म्हणूनच ती आजही स्मरणात आहे. काम कंत्राटाने देता येते. त्या कामावर येणाऱ्या माणसाच्या जीविताची जबाबदारी मात्र संपूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. कंत्राटदारांच्या सुरक्षा व्यवस्थापनाचे सारे शास्त्र आणि त्यामागील कायदा याच तत्त्वावर उभा आहे.

कंत्राटांची साखळी

मोठ्या प्रकल्पाचे काम क्वचितच एका कंपनीकडून पूर्ण होते. प्रकल्पाचा मालक, म्हणजे शासकीय विभाग, महामंडळ किंवा खासगी विकासक, मुख्य कंत्राटदार नेमतो. मुख्य कंत्राटदार खोदकाम, सळईकाम, सेंट्रिंग, विद्युतकाम, रंगकाम अशी कामे उपकंत्राटदारांना वाटून देतो. उपकंत्राटदार मजूर आणण्याचे काम मुकादमावर सोपवतो आणि मुकादम गावाकडून किंवा शहरातील मजूर नाक्यावरून माणसे आणतो. मालक आणि मजूर यांच्यामध्ये अशा तीन-चार पायऱ्या असणे ही नित्याची बाब आहे.

या साखळीत दोन गोष्टी प्रत्येक पायरीवर झिजत जातात. पहिली गोष्ट पैसा. प्रत्येक जण आपला हिस्सा राखून कमी दराने काम पुढे देतो. अखेरच्या पायरीवर मजुरी कशीबशी भागते. मजबूत परांची, सुरक्षा जाळी, चांगला पट्टा यांसाठी काही उरत नाही. दुसरी गोष्ट माहिती. जमिनीखालून गेलेली वीजवाहिनी नकाशावर असते, पण नकाशा कार्यालयात असतो आणि पहार मारणाऱ्या मजुराला ‘इथे खण’ एवढेच सांगितलेले असते.

तिसरा धोका कामांच्या सीमेवर असतो. सामान वर घेण्यासाठी एका उपकंत्राटदाराची माणसे मजल्याचा कठडा सायंकाळी काढतात आणि सकाळी दुसऱ्या उपकंत्राटदाराचे गवंडी त्याच कडेला कामाला येतात. दोघांनीही आपापले काम नेमून दिल्याप्रमाणे केलेले असते. कठडा पुन्हा बसवण्याचे काम मात्र कोणाच्याही वाट्याला आलेले नसते. एकाच जागेवर अनेक कंत्राटदार असतात तेव्हा समन्वयाची जबाबदारी नाव घेऊन एकावर टाकावी लागते, ती याच कारणाने.

कायद्याची चौकट

भारतातील कायद्याने या साखळीची दखल फार पूर्वी घेतली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यानुसार आपल्या व्यवसायाचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मुख्य नियोक्ता कंत्राटदाराच्या कामगारालाही भरपाई देण्यास बांधील ठरला. दिलेली रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा अधिकार त्याला आहे, पण जखमी कामगाराला किंवा मृताच्या कुटुंबाला त्या वसुलीची वाट पाहावी लागू नये, हा त्यामागील हेतू. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याने कंत्राटदाराने वेतन थकवल्यास किंवा पिण्याचे पाणी, प्रथमोपचार यांसारख्या सोयी न पुरवल्यास तो भार मुख्य नियोक्त्यावर टाकला.

बांधकाम क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा १९९६ मध्ये झाला. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १० किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला. काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी निरीक्षकाला लेखी सूचना देणे, ५०० किंवा अधिक कामगार असतील तेथे सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी नेमणे या तरतुदी त्यात होत्या. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लेखी आरोग्य व सुरक्षा धोरण बंधनकारक केले. सोबतच्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चावर १ ते २ टक्के उपकर ठरवला. प्रत्यक्षात तो १ टक्का दराने आकारला जातो आणि राज्यांच्या कल्याण मंडळांकडे जातो. हा निधी कामगारांपर्यंत पोहोचत नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मधील निकालात तीव्र नाराजी व्यक्त केली होती.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कारखाने, खाणी, बांधकाम, कंत्राटी कामगार आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार यांच्यासह १३ कायदे तिच्यात एकत्र करण्यात आले. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली. वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि आराखडाकार यांनी नियोजनाच्या टप्प्यावरच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करावा, असे कर्तव्य त्यांच्यावर टाकण्यात आले. कंत्राटी कामगारांना कल्याणकारी सोयी पुरवण्याची जबाबदारी थेट मुख्य नियोक्त्यावर आली. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा संहितेत आहे आणि दंडाच्या रकमेपैकी किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात सुरक्षा नियमांच्या उल्लंघनासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढीच तरतूद होती.

निवड : स्वस्त निविदा आणि सुरक्षित निविदा

कंत्राटदाराची निवड होते तो क्षण सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत सुरक्षेवर खर्च करणारा कंत्राटदार स्पर्धेत मागे पडतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला, दर उघडण्यापूर्वी पात्रतेची छाननी. मागील काही वर्षांतील अपघात, त्यांवर केलेली कारवाई, प्रशिक्षित पर्यवेक्षकांची संख्या, यंत्रसामग्रीच्या तपासणीची प्रमाणपत्रे आणि विम्याची कागदपत्रे तपासून अपात्र कंत्राटदाराला तेथेच थांबवता येते. ‘एकही अपघात नाही’ असे लिहून देणाऱ्या कंत्राटदाराकडे किरकोळ दुखापतींची नोंदवही मागणे उपयुक्त ठरते. ज्याच्याकडे बोट चेचल्याचीही नोंद नाही, तेथे अपघात होत नाहीत असे नव्हे, तर ते लिहिले जात नाहीत, अशी शक्यता अधिक असते.

दुसरा उपाय म्हणजे सुरक्षेचा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखवणे. परांची, जाळ्या, कठडे, प्रशिक्षण यांची रक्कम ठरलेली आणि मोजून अदा होणारी असेल, तर ती दराच्या स्पर्धेत कापली जात नाही.

करारातील शब्द

‘कंत्राटदार सुरक्षेचे सर्व नियम पाळील’ एवढ्या एका वाक्याने काहीही साध्य होत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारांना जोडलेली सुरक्षा संहिता या बाबतीत मार्गदर्शक आहे, कारण ती आकड्यांत बोलते. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटर लांबीला किमान एक शिडी हवी आणि ती चराच्या काठापासून किमान ९० सेंटिमीटर वर आलेली हवी. १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या कराव्यात किंवा फळ्या व टेकू लावून सावराव्यात. खणलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल त्या अंतराच्या आत टाकू नये. ३.६ मीटरपेक्षा उंच परांचीला किमान ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा असावा. अशा अटी मोजपट्टी लावून तपासता येतात आणि त्यांवर वाद होत नाही.

कंत्राटदाराने सुरक्षेची व्यवस्था केली नाही, तर प्रभारी अभियंत्याने ती स्वतः करून खर्च कंत्राटदाराकडून वसूल करावा, अशीही तरतूद या विभागाच्या कराराच्या अटींत आहे. केवळ दंड आकारल्याने कठडा उभा राहत नाही. या तरतुदीने तो उभा राहतो. याखेरीज करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. लेखी परवानगीशिवाय काम पुढच्या उपकंत्राटदाराला देता येणार नाही. मुख्य कंत्राटदारावरील सुरक्षेच्या अटी उपकंत्राटदारालाही जशाच्या तशा लागू राहतील. जीवघेणा धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार जागेवरील सुरक्षा अधिकाऱ्याला असेल आणि अशा थांबण्याबद्दल कामगाराची मजुरी कापली जाणार नाही. शेवटची अट नसेल, तर मजूर धोका दिसूनही बोलत नाही, कारण बोलल्यास त्याचाच दिवस बुडतो.

समन्वय कोणाचा?

एकाच जागेवर दोन किंवा अधिक नियोक्ते काम करत असतील, तर सुरक्षा उपायांचा समन्वय मुख्य कंत्राटदाराने किंवा जागेवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या व्यक्तीने करावा, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बांधकाम सुरक्षेविषयीच्या १९८८ च्या १६७ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे. इतरांची आपापल्या कामगारांविषयीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. ब्रिटनने १९९५ पासून लागू केलेल्या नियमांत हीच कल्पना पुढे नेली. २०१५ च्या सुधारित नियमांनुसार तेथे मालक, मुख्य आराखडाकार आणि मुख्य कंत्राटदार यांची कर्तव्ये स्वतंत्रपणे ठरवलेली आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी झालेले क्रीडासंकुलाचे बांधकाम एकाही कामगाराचा जीव न जाता पूर्ण झाले.

प्रत्यक्ष जागेवर समन्वयाचे स्वरूप साधे असते. सर्व कंत्राटदारांच्या पर्यवेक्षकांची रोज सायंकाळी छोटी बैठक होते. उद्या कोण कोठे काम करणार, कोणाच्या डोक्यावर कोणाचे काम चालणार, क्रेन कोठे फिरणार, कोणता कठडा निघणार आणि तो कोण बसवणार, एवढे ठरवून फलकावर लिहिले जाते. उंचावरील काम, खोल खोदकाम, बंदिस्त टाकीत उतरणे, वेल्डिंग, अवजड भार उचलणे आणि विद्युतकाम यांसाठी त्या दिवसापुरता लेखी परवाना दिला जातो. जागेची पाहणी न करता कार्यालयात बसून सही केलेला परवाना हा कागदाचा कपटाच ठरतो.

सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच्या कामाशी संबंध नसलेले किंवा त्यात बाधा आणणारे दुसरे काम देऊ नये, असे १९९८ चे नियम सांगतात. हजेरी, सामानाची आवक आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा सुरक्षा अधिकारी नावापुरताच उरतो.

उंची, माती, यंत्र आणि वीज

बांधकामावरील मृत्यूंची मुख्य कारणे जगभर जवळपास सारखीच आढळतात : उंचावरून पडणे, माती किंवा बांधकाम अंगावर कोसळणे, यंत्राची अथवा वस्तूची धडक बसणे आणि विजेचा धक्का. भारतीय मानक ब्यूरोची परांची व शिड्यांसाठी आयएस ३६९६, खोदकामासाठी आयएस ३७६४ आणि पाडकामासाठी आयएस ४१३० ही सुरक्षा मानके उपलब्ध आहेत.

मानकांचा गाभा असा, की धोका आधी मुळातून दूर करावा, तो शक्य नसल्यास अडथळा उभारावा आणि संरक्षक साधन हा शेवटचा उपाय मानावा. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो. कामगाराच्या अंगावर पट्टा असतो, पण त्याचा हूक अडकवण्यासाठी आधाराची दोरीच बांधलेली नसते. असा पट्टा छायाचित्रापुरता उपयोगाचा. मजल्याच्या मोकळ्या कडेला कठडा आणि त्याखाली जाळी असेल, तर पट्टा विसरलेला माणूसही वाचतो.

अवजड भार उचलण्याच्या कामात यंत्र एका कंत्राटदाराचे, चालक दुसऱ्याचा आणि खाली उभी असलेली माणसे तिसऱ्याची, अशी स्थिती असते. समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारे यंत्र कोसळले. त्यात २० जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये रोजगारासाठी परराज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. अशा कामासाठी यंत्राची सक्षम व्यक्तीकडून तपासणी, भार उचलण्याचा लेखी आराखडा, एकच संकेत देणारा माणूस आणि भाराखाली कोणीही नसणे या चार अटी कोणत्याही मुदतीपुढे शिथिल होता कामा नयेत.

भाषा आणि आरोग्य

जागेवरील कामगार झारखंड, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश अशा अनेक राज्यांतून येतात. सूचनाफलक इंग्रजीत किंवा राज्यभाषेत असतो आणि तो वाचणाऱ्याला बहुधा त्याची गरज नसते. पहिल्या दिवसाची ओळख आणि रोज सकाळी कामापूर्वी होणारी दहा मिनिटांची बैठक, जिला जागेवर ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात, कामगारांच्या भाषेत आणि प्रात्यक्षिकासह व्हावी लागते. समजले का, असे विचारल्यास सगळे मान डोलावतात. पट्टा कसा बांधायचा ते करून दाखव, असे सांगितले की खरी स्थिती कळते. नवा माणूस मध्येच कामावर येतो तेव्हा त्याची ओळख राहून जाते, म्हणून ओळख झाल्याशिवाय प्रवेशपत्र नाही, हा नियम उपयोगी पडतो.

अपघात दिसतो, आजार दिसत नाही. दगड किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि तो उघड होतो तेव्हा कामगार जागा, कंत्राटदार आणि अनेकदा राज्यही बदलून गेलेला असतो. पाणी मारून कापणे हा त्यावरील सोपा उपाय. सिमेंटने हातापायांना होणाऱ्या जखमा, सततच्या आवाजाने येणारे बहिरेपण आणि उन्हाळ्यातील उष्माघात यांचाही विचार आराखड्यात हवा. क्रेन आणि वाहनांच्या चालकांची नेमणुकीपूर्वी, त्यानंतर वयाच्या ४० वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी, असे १९९८ चे नियम सांगतात.

अपघातानंतर

उत्तराखंडमधील सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी दरड कोसळून ४१ कामगार अडकले आणि १७ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, सर्वांची सुखरूप सुटका झाली. या सुटकेने देशाला दिलासा दिला, तसा एक धडाही दिला : बाहेर काढण्याची वाट अपघातानंतर शोधावी लागू नये. निर्गमन मार्ग, आत कोण आहे याची अद्ययावत नोंद, संपर्काचे साधन आणि जवळच्या रुग्णालयाशी आधीच झालेली बोलणी हे सारे कामाच्या पहिल्या दिवशी तयार असावे लागते.

मृत्यू झाल्यास ४ तासांच्या आत आणि कामगार ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकणार नाही अशा इतर अपघातांत ७२ तासांच्या आत सूचना द्यावी, असे १९९८ च्या नियमांत आहे. ही सूचना ज्यांना द्यायची त्यांच्या यादीत कामगाराचे नातेवाईकही आहेत. मुकादमाच्या वहीत केवळ पहिले नाव असलेल्या मजुराच्या बाबतीत ती सूचना नेमकी कोठे पाठवायची, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून संपूर्ण नाव, गाव आणि वारसाचा दूरध्वनी क्रमांक ही नोंद हेल्मेटइतकीच आवश्यक आहे.

याच नोंदीवर भरपाई अवलंबून असते. १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूच्या प्रकरणी मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे सूत्र कायम ठेवले आहे. वेतनाची मर्यादा २०२० पासून १५ हजार रुपये आहे आणि ३० वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे या वेतनावरील ३० वर्षांच्या कामगाराच्या कुटुंबाला १५ लाख ५९ हजार ८५० रुपये मिळतात. तो त्या जागेवर कामाला होता हेच कागदावर नसेल, तर कुटुंबाच्या हाती काही येत नाही किंवा गावाकडे परतण्याच्या भाड्यापुरती रक्कम देऊन प्रकरण मिटवले जाते.

कायद्याच्या कक्षेबाहेर

१० पेक्षा कमी कामगार असलेली बांधकामे १९९६ च्या कायद्याबाहेर राहिली. स्वतःच्या निवासासाठीचे १० लाख रुपयांपर्यंतचे बांधकामही त्यातून वगळलेले होते. नव्या संहितेत ही खर्चमर्यादा ५० लाख रुपये आहे. लहान शहरांत आणि गावांत चालणारी बहुतेक घरबांधणी या सवलतीत बसते. तेथे निरीक्षक येत नाही, सुरक्षा अधिकारी नसतो आणि बांबूच्या परांचीवर चढणाऱ्याला पट्टा मिळत नाही. घर बांधणाऱ्याने कंत्राटदाराशी दर ठरवताना परांची कोण बांधणार, चराला आधार कोण देणार आणि मजुरांचा विमा आहे का, हे तीन प्रश्न विचारले, तर कायदा पोहोचत नाही तेथेही काही जीव वाचू शकतात.

सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये जाहीर केले. बांधकामावर हा हक्क साखळीच्या अखेरच्या कडीपर्यंत पोहोचला की नाही, हे पाहण्यासाठी अहवालाची गरज नसते. परांचीवर चढणाऱ्या मजुराला त्याच्या कामाच्या जागेचा मालक कोण आणि धोका दिसल्यास कोणाला सांगायचे, हे विचारावे. त्याला ही दोन्ही नावे ठाऊक असतील, तर व्यवस्था कागदावरून जागेवर उतरली आहे, असे समजण्यास हरकत नाही.